पप्पाईले काई विचारू नको

हॅलो?… हो, संघमित्रा, मीच… अवं ऐकू नाई आली रिंग, पप्पाईले आंघोळ घालून राहिली व्हती…

नाई, डोकं चांगलं हाये. टाके वाळले, केस बी यून राहिले, जावळावानी… चालतेत ना. भिंत धरून क्वार्टरच्या गेटापर्यंत जातेत. परवा आपल्या हातानं पोहे खाल्ले. अर्धे लुंगीवर सांडवले, पण खाल्ले…

डॉक्टर तेच म्हणते. डोक्यातलं रक्त काढलं, जीव वाचला, बोली हळूहळू येईन. आता कधी येईन ते त्याले तरी का मालूम?

अवं, ते कायले उगाळतं पुन्हा? हो, नव्हतं घातलं. प्लांटात दिवसभर हेल्मेट डोक्यावर, अन् भाईर निघाले का डिक्कीत. सिविक सेंटरपाशी स्कूटर घसरली, उठले, चाय पेले, घरी आले. मले बी नाई सांगितलं. आतमंदी रक्त साचून राहिलं, हे कोनाले मालूम?… जाऊ दे.

तू ऐक ना. आज त्याईच्या शिफ्टमधले भाऊराव आलते. दारातूनच म्हणे, जय भीम, कवडूभाऊ. अन् हे म्हणाले, जय भीम… हो वं, तोंडानं. एकदम साफ. मी भांडं घेऊन तशीच उभी.

भाऊराव गेले, मी जवळ बसली. म्हटलं, मी कोन? नाव सांगा माह्यं… मान खाली घातली, नापास झालेल्या पोरावानी. लय वाईट वाटलं बेटा. आपुन सारे त्याईची परीक्षाच घेऊन राहिलो ना. तू फोनवर विचारते मी कोन, तुया भाऊ अमरदीप बोटं मोजाले लावते. भाऊरावनं काई विचारलंच नाई.

मंग मी का केलं, हसू नको… चपला घातल्या, भाईर गेली, अन् पाहुणीवानी दारात येऊन म्हटलं, जय भीम. आपल्या नवऱ्याले कोन म्हणते वं असं? लाजच वाटली… म्हणाले ना. जय भीम म्हणाले. अन् खुर्ची दाखवली. म्हणे, बसा.

मले. बसा…

नाई, रडून नाई राहिली. पह्यले कोनी आलं का तिथूनच ओरडत, शेवंता, चाय टाक. हातात काम असलं का मले असा राग ये. आता तेच ऐकाले जीव तरसते.

हाव, देतो ना. पण काई विचारू नको त्याईले. जय भीम म्हण, अन् चूप राह्य…

अहो, घ्या… कानाले लावा… हां, असा…

म्हणाले?… अहो, फोन कावून ठेवला खाली? मले का म्हणता?… हळू. हळू म्हणा…

संघमित्रा, ऐकलं तू?… नाई, तुले नाई, मले म्हणाले. फोनकडं बोट दाखवलं, माह्याकडं पाह्यलं, म्हणे, चाय टाक… नाव? नाव नाई आलं अजून. येईन.

आता ठेव बेटा. पाहुणी आली म्हणतेत घरी, मले चाय टाकू दे… हो वं, तुया बी कप मांडतो.