शंभर टक्के साक्षर टेकडवाडी

...बरं, पाट्या मोजून भागत होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं हो! पाट्या किती वाटल्या? साठ. सतरंज्या? चार. लिहा, झालं गाव साक्षर! पण तुम्हाला सांगतो, त्र्याण्णव साली आमच्या तालुक्याला नवे गटविकास अधिकारी आले, ते नगरला कुणा परदेशी पाहुण्यांचं आठ दिवसांचं शिबिर करून आले, आणि पहिल्याच मीटिंगला टेबलावर हात आपटून म्हणाले, "पाट्या-सतरंज्यांचं मला सांगू नका. निकाल दाखवा!"

आणि भिंतीवर दोन तक्ते. एक साक्षरांचा, त्याची रेघ वर गेली पाहिजे. दुसरा तक्रारींचा, त्याची रेघ खाली आली पाहिजे. खाली म्हणजे कुठवर? तर शून्यावर!

आता आमच्या टेकडवाडीची शाळा दोन शिक्षकी. धाकटा मी, मोठे कचरू गुरुजी. मूळचे नेवाशाचे, स्वभावानं गरीब, आवाज इतका बारीक की पाढे म्हणताना पोरंच त्यांना "मोठ्यानं, गुरुजी!" म्हणायची. अशा माणसाच्या हातात कागद ठेवला : उद्दिष्ट बासष्ट निरक्षर बाया, मुदत एकतीस मार्च, नाही जमलं तर गोपनीय अहवालात शेरा! मी म्हटलं, "गुरुजी, सगळीकडं भरतात तसं आपणही भरू." तर म्हणतात कसे, "अहो, माझी आई जन्मभर अंगठाच उठवत गेली. हे मला खोटं नाही भरता यायचं." झालं, खरोखरच वर्ग घ्यायचा ठरला.

निकाल दाखवा ना! दुपारची जेवणं आटोपली की समाजमंदिरात वर्ग. पहिल्या दिवशी बाया किती? तीन. त्यातली एक सावलीला बसायला आलेली... रंगुबाई. साठीची बाई, जीभ चुलीतल्या निखाऱ्यासारखी. म्हणाली, "गुर्जी, आता शिकून मी काय मामलेदारीन व्हनार हाय का?"

गुरुजी चिडले नाहीत. विचारलं, "बरं, तुम्हाला काय वाचता आलं तर आवडेल?"

रंगुबाईनं जरा विचार केला. "त्यो टँकरवाला पानी आनतो न्हवं, वहीवर माजा अंगठा घेतो. तितं काय लिवलंय, त्येवढं कळू द्या. बाकी ऱ्हाऊ द्या."

तुम्हाला सांगतो, गुरुजींनी सरकारी पुस्तक मिटलं ते मिटलंच! फळ्यावर पहिला शब्द 'पाणी'. दुसरा 'टँकर'. तिसरा 'खेप'. मग आकडे. पंधरा दिवसांत तीनाच्या तीस बाया झाल्या, महिन्यात बासष्ट! शेजारची चांगुणा तर भाकरी थापताना पिठात अक्षरं काढायची, सासू बोंबलायची, "अगं, भाकर हाय का पाटी?"

आणि एक दिवस टँकर आला. ड्रायव्हरनं सवयीनं वही पुढं केली, शाईचा डबा उघडला. रंगुबाईनं वही हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, बोट फिरवलं, "खे...प...खेपा. चार." मग टँकरकडं बघितलं. "का रं, येक आनलीस ना? मग ही बाकीची तीन कुनी प्याली?"

ड्रायव्हर बिचारा घामाघूम. "मावशे, वही वरनंच भरून येती. मी निस्ती गाडी चालवतो."

"व्हय का? मग आन ती पेन." आणि बाईनं चाराच्या आकड्यावर काट मारली, तिथं एक लिहिला, खाली सही केली! वेडीवाकडी, दोन ओळी खाऊन बसलेली, पण सही!

तिथून जे सुटलं ते सुटलंच की हो! टँकरचा अर्ज. हातपंपाचा अर्ज. रॉकेलचा अर्ज. चांगुणानं तर अर्जाला उत्तर का आलं नाही म्हणून विचारणारा अर्ज केला. एका महिन्यात टेकडवाडीतून एक्केचाळीस तक्रारी! त्याआधीच्या दहा वर्षांत किती? एकही नाही. टँकर मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून रोज चार खेपा टाकायला लागला. पण भिंतीवरच्या तक्त्यात पाण्याची रेघच नव्हती ना!

मार्चअखेर तपासणी झाली. बासष्टच्या बासष्ट बायांनी घडाघडा वाचून दाखवलं. साहेब खूष! पहिल्या तक्त्याची रेघ एकदम छताला. मग शिपायानं दुसरा तक्ता पुढं धरला... ती रेघही छताला! साहेबांनी गुरुजींना बाजूला घेतलं, दात आवळून म्हणाले, "गुरुजी, मी वाचायला शिकवा म्हणालो होतो. लिहायला कुणी सांगितलं?"

गुरुजी हळूच म्हणाले, "साहेब, ते दोन्ही एकदमच येतं."

निकाल दाखवा म्हणत होते, दाखवला की नाही? आठ दिवसांनी पाकीट आलं. आत दोन कागद. एक अभिनंदनाचं पत्र, शंभर टक्के साक्षरतेबद्दल. दुसरी कारणे दाखवा नोटीस, तक्रारी वाढल्याबद्दल. दोन्हींवर तारीख एकच, सही एकच! गुरुजी ओट्यावर बसून एकदा हा कागद बघत, एकदा तो. चेहरा इतका उतरलेला की मलाच भडभडून आलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाला साधा मेमो नव्हता हो.

तेवढ्यात रंगुबाई घागर घेऊन निघालेली. घागर खाली ठेवली, नोटीस ओढून घेतली, बोट लावून वाचायला लागली. मध्येच थांबली. "गुर्जी, ह्यात 'तक्रार'चा क पुरा लिवलाय. आन 'शिक्षक'ला पैली वेलांटी असती ना? ह्यांनी दुसरी दिलीया." पुन्हा वाचलं. चार चुका निघाल्या. बाई गंभीर झाली. "गुर्जी, ह्या सायबाचा वर्ग कोन घेतंय?"

कचरू गुरुजींनी नोटिशीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "रंगुबाई, ते उद्दिष्ट आपल्याकडं नाही."