डबीतले कोश

डोळ्यांचा दवाखाना. माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय, बोलणं उंटअळ्यांचं आणि रिकाम्या कुंडीचं.

“वहिनी, बाबांच्या कुंडीतली माती सकाळी तू फेकलीस?”

“झाड वाळलेलं, वन्सं. मला काय स्वप्न पडलं होतं?”

“पाठीची कमान करत चालणाऱ्या त्या उंटअळ्या मातीत उतरून कोश करतात गं. झोपेतच पंख फुटतात. पट्टी सुटली की पहिल्यांदा ते पतंगच बघणार होते बाबा.”

“दिसतात कसे?”

“राखाडी. खोडावर बसले की खोडच. काही जातींत मादीला तर पंखही नसतात, ती चालतच झाड चढते.”

“आता कुठल्या तोंडाने सांगू त्यांना?”

नर्स आली. “आजोबांच्या खिशात ही डबी निघाली. आत माती आणि तपकिरी दाणे आहेत. टाकून देऊ?”

“नको!” दोघी एकदम.

म्हणजे कुंडीतली माती चाळून म्हाताऱ्याने कोश आधीच वेचून घेतले होते.