तहानलेली सनई

मंडळी, एक सांगा! देव रागावलाय हे ओळखायचं कसं? दूध नासलं, देव रागावला! एसटी चुकली, देव रागावला! अहो, त्याला दुसरा उद्योग नाही का?

ऐका! कुसवड्यात आबाजी गुरव होता. पहाटे शंभूच्या देवळात सनई वाजवायचा. एके पहाटे सनई वाजेना! तिची पत्ती ओठांत धरून भिजवावी लागते ना? आणि तोंड तर कोरडं ठणठणीत!

आबाजी म्हणाला, "देवाला माझी सेवा नकोशी झाली." आणि केलं काय? पण केला! रोज सनई वाजेपर्यंत पाणी नाही. नाहीच वाजली, तर दिवेलागणीपर्यंत निर्जळी! हसताय? आपण सगळे त्याच गावचे!

महिने गेले. दाढा किडल्या, कोरडी भाकरी घशाखाली उतरेना. तरी रोज पहाटे देवापुढे बसायचा आणि न फुंकताच सनईच्या भोकांवर बोटं फिरवायचा. बायको, तानूबाई, खांबाआड उभी राहून ऐकायची. काय ऐकायची? पूर्वी वाजलेलं! केवढी ओढ, मंडळी!

शेवटी तिनंच त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तोंड पाहिलं. "काका, लाळ फार कमी आहे, म्हणून दात किडतायत. थकवा येतो? थंडी वाजते?"

"फार वाजते."

रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावलेली! ती मंदावली की कधी कधी लाळही आटते. मोठ्या डॉक्टरांनी गोळी दिली. "पहाटे, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. दिवसभरही घोट घोट पाणी प्या."

आबाजी उठलाच! "पहाटे पाणी? माझा पण मोडेल!"

तानूबाई जन्मात उलट बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "अहो, त्या शंभूच्या डोक्यावर अष्टौप्रहर पाण्याची धार धरता! तो तुम्हाला तहानलेलं ठेवील? आणि मला... मला सनई हवी हो! तिच्यावाचून पहाटे उठावंसंच वाटत नाही."

दुसऱ्या पहाटे आबाजीनं देवासमोरच गोळी घेतली. वर घोटभर पाणी प्याला.

चमत्कार? छे! गेलेल्या दाढा गेल्याच. चार महिन्यांनी एका पहाटे सूर निघाला. फाटका, धाप लागलेला. तानूबाई चुलीपुढे पीठ मळत होती. तशीच भरल्या हातांनी रडत बसली.

आता तुमच्याकडे बघतो! घरातलं कुणी बोलेनासं झालंय? घासागणिक पाणी मागतंय? त्याला नवस सुचवू नका, दवाखान्यात न्या! आणि मंडळी, औषधाआधी एवढं तरी सांगा त्याला: तुझ्या आवाजावाचून आम्हाला करमत नाही रे!