गवतातून आलेलं

(होक्काइदोतलं एक खेडं. संध्याकाळचं दूध काढून झालंय. गोठ्याच्या दारात म्हातारा गवळी इसामु, त्याची बायको फुसाए आणि शेजारची टोमॅटोवाली शिगेनो.)

शिगेनो : चष्मा लाव आणि नीट बघ. हे टोमॅटोचं पान आहे की नेच्याचा कोंब?

इसामु : रोग पडला असेल काहीतरी.

शिगेनो : रोग असता तर तुझ्या दारात कशाला आले असते? शेंडे सगळे असेच, मुठीसारखे आवळलेले. एका रोपाचे नाहीत, अख्ख्या पॉलीहाऊसचे. कृषी कार्यालयातल्या माणसानं माती नेली, पानं नेली. काल त्याचा फोन आला. तणनाशक निघालं म्हणे.

इसामु : मग मारलं असशील तूच.

शिगेनो : टोमॅटोत तणनाशक? शाळेत तू कच्चा होतास इसामु, पण इतका नव्हतास. त्या जमिनीत यंदा बाहेरून एकच गोष्ट गेलीय. तुझं शेणखत.

इसामु : माझ्या रानात मी थेंबभर औषध मारत नाही. आणि ढीग असा तापला होता की हात घालवेना. नुसत्या वाफा. तणाचं बीसुद्धा मेलं त्यात.

शिगेनो : बी मेलं. हे नाही मेलं.

फुसाए : अहो, विकतच्या गवतातून आलंय ते.

इसामु : तुला कोणी सांगितलं?

फुसाए : तुम्ही पाठीसाठी दवाखान्यात होतात ना, तेव्हा तो कार्यालयातला माणूस इथेही येऊन गेला. तपासणी व्हायची होती, पण त्यांना तेव्हाच शंका होती. आपलं गवत जहाजानं येतं, तिकडे त्याच्यावर फवारतात. रुंद पानांचं तण मरतं, गवताला काही होत नाही. गाईलाही नाही, दुधालाही नाही. पोटात जातं तसंच बाहेर पडतं. मग ढिगात बाकी सगळं कुजून जातं, हे मात्र रेंगाळतं. नाव सांगितलं त्यांनी, माझी जीभ वळेना.

इसामु : आणि मला आज सांगतेस?

फुसाए : आधी खात्री करून घ्यावी म्हटलं. खतात वाटाणे पेरून बघा म्हणाले. मग दोन्ही ढिगांतलं खत कुंड्यांत भरलं आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलं.

इसामु : मला वाटलं, खायला लावलेस.

शिगेनो : काय उगवलं?

फुसाए : नव्या ढिगातले आखडले. शिगेनोसान, तुमच्या हातातल्या पानासारखेच. पण गोठ्यामागचा जुना ढीग आहे ना, दोन हिवाळे पडून असलेला, यांनी वरचेवर उलथलेला, त्यातले सरळ आले. गवत तेच होतं तेव्हाही.

इसामु : म्हणजे जातं ते.

फुसाए : जातं. हवा लागली, ऊब मिळाली, तर हळूहळू मोडतं. बर्फात जागच्या जागी बसून राहतं म्हणे.

इसामु : शिगेनो, मी...

शिगेनो : माफी मागायला वाकू नकोस. पाठ धरली तर आम्हा दोघींनाच उचलावं लागेल तुला.

इसामु : मग काय करू? तुझं वर्ष गेलं.

शिगेनो : गेलं. तुला शिव्या द्यायच्या म्हणून रस्ताभर जुळवत आले होते. आता कोणाला देऊ? गाईला? जहाजाला? कोणीतरी एक हरामखोर सापडला असता तर बरं झालं असतं. रात्री झोप तरी लागली असती.

इसामु : मला दे. इथेच उभा आहे.

शिगेनो : तुला दिल्या तर फुसाएसान चहा देणार नाहीत.

फुसाए : पाणी ठेवलंय केव्हाच. आत चला दोघं.

इसामु : थांब. एक सांगायचं राहिलंय. व्यापारी परवा गाडी घेऊन येतोय. गाई नेईल.

फुसाए : कुठल्या?

इसामु : सगळ्या.

फुसाए : ह्या तणनाशकाचं तर तुम्हाला आत्ता कळलं. त्याला सांगितलंत कधी?

इसामु : दवाखान्यातून. शेण ओढणं आता बंद, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. माझ्या वाटचं तू ओढतेस, ते मला दिसत नाही का?

फुसाए : मला विचारायचं तरी.

इसामु : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं तुझं. थकलोय गं.

फुसाए : पांढऱ्या कपाळाची गाभण आहे.

इसामु : माहीत आहे.

फुसाए : तीही?

इसामु : तीही.

फुसाए : बरं.

शिगेनो : आणि तो ढीग?

इसामु : त्याचं काय?

शिगेनो : गाई गाडीत चढतील. ढीग चढणार आहे का? घराएवढा झालाय.

इसामु : देऊन टाकू कोणाला तरी. मक्याला चालतं ना, फुसाए?

फुसाए : मक्याला चालतं म्हणाले. पण पुढच्या वर्षी त्या जमिनीत कोणी घेवडा लावला, तर आपण थोडेच बघायला जाणार आहोत?

इसामु : म्हणजे गाई गेल्या तरी हे उलथत बसायचंच.

फुसाए : मी उलथेन.

इसामु : एकटी?

फुसाए : गाई नसल्या तर दिवसभर करू काय मी?

शिगेनो : फावड्यानं होणारं काम आहे का ते? माझ्या ट्रॅक्टरला पुढे बकेट आहे. बर्फ पडायच्या आत बऱ्याचदा उलथून होईल. उद्या सकाळी घेऊन येते.

इसामु : आणि टोमॅटोचं काम?

शिगेनो : टोमॅटो आहेत कुठे आता.