अर्ध्या बरणीची साक्ष

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती श्री. मर्ल डायक्स्ट्रा, त्यांच्या सौभाग्यवती लोरेन, आणि जेवण कधी वाढणार या चिंतेत बसलेल्या सज्जनहो,

आरंभीच एक तक्रार नोंदवतो. माझ्याआधी बास्केटबॉलचे प्रशिक्षक बोलून गेले. हा ध्वनिक्षेपक त्यांच्या उंचीला लावलेला आहे, आणि आपल्या महाविद्यालयात अभियांत्रिकीची शाखा असूनही तो खाली येत नाही. त्यामुळे या संस्थेचा वकील आज आभाळाकडे तोंड करून बोलतो आहे. संस्थेचे खटले लढताना ती सवय झालीच होती, म्हणा.

मर्ल यांचं इथलं काम काय होतं? आपले खेळाडू हौशी राहतात की नाही, यावर डोळा ठेवणं. खेळाच्या नावावर पैसा घ्यायचा नाही, भेट घ्यायची नाही, आपला चेहरा कशाच्याही विक्रीला द्यायचा नाही. हौसेला मोल नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. मर्ल यांच्या कार्यालयाला ते अमलात आणावं लागे.

ग्रेटा ओल्स्टॅड ही आपली व्हॉलीबॉलची खेळाडू तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिची आजी, आर्डिसबाई, आपल्या आयोवा राज्याच्या जत्रेत काकडीचं लोणचं विकायच्या. त्या वर्षी कौतुकाच्या भरात त्यांनी प्रत्येक बरणीवर नातीचा उडी मारतानाचा फोटो चिकटवला. साऱ्या आयोवाने लोणचं नेलं. गुन्हा कुणाला दिसला नाही. दिसला तो मर्ल यांना, स्वतःच्या फ्रिजमध्ये, अर्धी बरणी संपल्यावर.

लोरेन म्हणाल्या, "मर्ल, तो फोटो सोलून टाक आणि गप्प जेव." दुसरा कुणी असता तर जेवला असता. मर्ल यांनी बरणी पिशवीत घातली आणि सोमवारी वर कळवलं. ग्रेटा अपात्र ठरली. हंगाम तर गेलाच, शिष्यवृत्तीही जाणार, म्हणजे शिक्षणच अर्धवट राहणार. आर्डिसबाई तडक त्यांच्या टेबलाशी आल्या. "मेल्या, पोरीच्या ताटात माती कालवायचीच होती, तर माझं लोणचं तरी सोडायचंस!"

मग त्या कोर्टात गेल्या. संस्थेच्या बाजूने मी, आणि माझे साक्षीदार मर्ल. मी त्यांना बजावलं होतं, "हो किंवा नाही, एवढंच बोला. पाल्हाळ नको."

न्यायाधीश बाईंनी बरणी उजेडात धरली. "अर्धा पुरावा कुठे गेला?"

"मी खाल्ला, बाईसाहेब. तेव्हा तो पुरावा नव्हता."

"हा फोटो कुठला?"

"आमच्या तिकीट खिडकीवरचा. त्याच फोटोवर आम्ही हंगामाची तिकिटं विकतो."

"म्हणजे तुम्ही विकलेलं चालतं, आजीने विकलेलं नाही?"

"हो."

एव्हाना मी घाम पुसत होतो. बाईंनी बरणी खाली ठेवली. "डायक्स्ट्रा, हे तुम्हाला योग्य वाटतं?"

मर्ल यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ग्रेटाकडे. "नाही," ते म्हणाले. अखेर त्यांनी माझा सल्ला मानला होता.

अपात्रतेला स्थगिती मिळाली. ग्रेटा खेळली, पदवी घेऊन बाहेर पडली. संघ दुसऱ्याच फेरीत हरला. त्यात न्यायालयाचा दोष नाही. मर्ल यांना काढून टाकावं असं काही विश्वस्तांना वाटत होतं. "कारण काय लिहायचं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "शपथेवर खरं बोलले, असं लिहा." विषय तिथेच मिटला.

पुढे नियमच बदलले. आज आपला खेळाडू ट्रॅक्टरच्या जाहिरातीत हसतो, आणि करारावर सही कुठे करायची हे त्याला मर्ल दाखवतात. मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "कशाचं? वाचायला आता जास्त मिळतं."

मला बोलायला उभं केल्याबद्दल आयोजकांचे आभार. कुणाचा उल्लेख राहून गेला असेल तर क्षमा असावी. ज्यांचा मी मुद्दाम टाळला, त्यांना ते कळलंच आहे.

जाता जाता एक. साक्ष संपल्यावर लक्षात आलं की माझं पाकीट घरीच राहिलंय. मी त्यांच्याशी धड बोलतही नव्हतो, तरी मर्ल यांनी मला कोर्टाच्या उपाहारगृहात सूप घेऊन दिलं. पैसे परत करायला गेलो तर म्हणाले, "वकिलाने साक्षीदाराला पैसे द्यायचे? नोकरीत आहे तोवर नको."

आज संध्याकाळी त्यांनी कार्यालयाच्या किल्ल्या परत केल्या. मर्ल, तुमच्या बशीखाली पाहा. सुपाचे पैसे, त्या दिवशीच्याच भावाने आहेत. व्याज धरलेलं नाही; धरलं असतं तर ती भेट झाली असती.