पोचलेला फोटो

मुलांनो, डोळे मिटा आणि दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसा. समोर पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा आहेत. त्यांची नात खिडकीपाशी एक्स-रेवाल्या ताईंशी बोलते आहे.

“ताई, आजोबांच्या पायाचा फोटो वरच्या डॉक्टरांना मिळालाच नाही. तो बघितल्याशिवाय ते प्लास्टर काढणार नाहीत.”

“अगं, कधीच पाठवला. हे बघ, ‘पोचला’ असं आलंय.”

“कुठे पोचला?”

“सर्व्हरवर. थांब हं. सर्व्हरचा पत्ता काल बदलला, आणि मी सेटिंगमध्ये नवा घातलाच नाही.”

“मग जुन्या पत्त्यावर कोण आहे?”

“बघणारं कोणी नाही. पण तिथला जुना सर्व्हर अजून चालू आहे, म्हणून मुकाट्याने सगळं घेतोय.”

“आमच्या शेजाऱ्यांसारखा. कोणाचंही पार्सल ठेवून घेतात,” आजोबा म्हणाले.

“घातला नवा पत्ता. आजोबा, गेला तुमचा फोटो. जा वर.”

“ताई, मघाशी हात गळ्यात बांधलेल्या काकू होत्या. त्यांचाही तिकडेच गेला? त्या कंटाळून घरी निघाल्यात.”

“तिकडेच गेला असणार गं.”

“चिमणे, चल, डॉक्टर बोलावतायत.”

चिमणी मात्र जिना उतरून काकूंच्या मागे धावत सुटली होती.