दीपगृहाजवळचे शुक्रवार

सन्माननीय अध्यक्ष विठ्ठलराव सामंत, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कमालभाई आणि रुकय्याभाभी, आणि दिवसभराची ड्यूटी करून इथवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हेमा. तुमच्यासारखीच मीही दमले आहे, म्हणून लांबण लावत नाही.

दक्षिणेकडचं दीपगृह आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलंय. शेजारचा किनारा सुंदर आहे, पण ओसाड. तिथे ना पहारा, ना धोक्याची पाटी. कमालभाईंचा धाकटा भाऊ नावेद रत्नागिरीहून इथे आखातात नोकरीला आला आणि पहिल्याच हिवाळ्यात सहलीला गेला असताना त्या पाण्यात बुडाला. पाटी लावा म्हणून कमालभाईंनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले! सगळीकडे एकच उत्तर, इंशाल्ला, होईल; पाटी काही लागली नाही.

मग दर शुक्रवारी, नमाज आटोपला की, ते स्वतःच तिथे जाऊन बसू लागले. सोबत दोर आणि गाडीची फुगवलेली ट्यूब. येईल त्याला सांगायचे, गुडघ्यापलीकडे जाऊ नका, पुढे वाळू एकदम संपते. लोक हसत, काही जण चिडत. रणरणत्या उन्हात, सुटीच्या दिवशी, हे किती वर्षं करायचं माणसानं?

गेल्या वर्षी मी, माझा नवरा जयप्रकाश आणि आमची मुलगी निधी तिथे गेलो. ते आम्हाला समजावत होते, तेवढ्यात निधी पाण्याच्या ओढीत सापडली. जयप्रकाशच्या हाती दोराचं टोक देऊन कमालभाई आत शिरले. निधीला त्यांनी बाहेर काढलं, पण त्यांचा खांदा निखळला. तो हात अजून नीट वर जात नाही.

तरी पुढच्या शुक्रवारी ते निघालेच. तेव्हा रुकय्याभाभी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही सगळे जुमे दर्याला दिलेत. आता एखादा तरी घराला द्या."

ते तसेच गाडीकडे निघाले. भाभी भांडल्या नाहीत. चादर घेऊन त्याही गाडीत बसल्या. तेव्हापासून दोघं जात होती. दोन आठवड्यांपूर्वी मात्र कमालभाई मला म्हणाले, "हेमाताई, आता शरीर ऐकत नाही." त्यांच्या तोंडून असं मी प्रथमच ऐकलं.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या जागी जयप्रकाश आणि मी गेलो. आम्हाला त्यांच्यासारखं पोहता येत नाही, पण माणसांना मागे फिरवता येतं. एक कुटुंब आमच्यावर रागावून परत गेलं. संध्याकाळी हे सांगायला कमालभाईंच्या घरी गेलो, तर भाभींनी ओठांवर बोट ठेवलं. ते दुपारी जेवून आडवे झाले होते, ते अजून गाढ झोपले होते. आम्ही न उठवता परतलो.

कमालभाई, भाभी, मंडळाच्या वतीने आणि निधीची आई म्हणून तुमचे आभार. आता कायमचे गावी परतताय, तिथे सुखानं राहा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत; थकल्या जिभेनं काही राहिलं, काही वावगं बोललं गेलं असेल, तर आपलं माणूस म्हणून सांभाळून घ्या.